जर्मनीला सहकुटुंब जाताना: पहिल्या सहा महिन्यांत कुठल्या कामाला आधी हात घालायचा?

दीपमाळ:

नमस्कार मंडळी. नवऱ्याला श्टुटगार्टजवळ नोकरी मिळाली आहे, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना). पगार वर्षाला ७९,००० युरो, करार कायमचा, पहिले सहा महिने प्रोबेशन. तो आधी जाणार, मी आणि तीन वर्षांची मुलगी दोन महिन्यांनी. मी फिजिओथेरपिस्ट आहे, जर्मन ए२ पर्यंत झालं आहे (पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात). नवऱ्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं, त्यामुळे त्याला भाषेची घाई नाही.

व्हिसाबद्दल भरपूर माहिती मिळाली, पण पोचल्यानंतरचं कोणी नीट क्रमाने सांगत नाही. माझी यादी सध्या अशी: बँक, सिमकार्ड, विमा, घर, पत्त्याची नोंदणी, मुलीची बालवाडी, माझी पदवी, ड्रायव्हिंग लायसन्स. एका ओळखीच्या एजंटने खाजगी आरोग्य विम्याचा प्रस्ताव पाठवला आहे आणि "पहिल्याच आठवड्यात सही करा, हप्ता निम्मा पडेल" म्हणतो आहे.

मला मुख्यतः हे हवं आहे: कुठलं काम कशावाचून अडतं, कुठे मुदती आहेत, आणि कुठली सही नंतर मागे घेता येत नाही. "छान देश आहे, सगळं होऊन जाईल" असे प्रतिसाद नकोत, प्लीज. :)

खटाटोप:

यादी चांगली आहे, क्रम उलटा आहे. पत्त्याची नोंदणी (आनमेल्डुंग) पहिली आणि बाकी सगळं तिच्या मागे. टॅक्स नंबर, पगाराची योग्य करकपात, रेसिडन्स कार्ड, बालवाडीचा अर्ज, मुलीचा भत्ता, हे सगळं नोंदवलेल्या पत्त्याकडे बघूनच पुढे सरकतं.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते. भाडेकरार नेलात तर खिडकीवरून परत पाठवतात. घरमालकाच्या सहीचा वेगळा एकपानी कागद लागतो, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. तुम्ही पोटभाडेकरू असाल तर तो मुख्य भाडेकरूही देऊ शकतो. पहिल्या महिन्यासाठी जे तात्पुरतं घर बघाल, तिथे पैसे भरायच्या आधी एकच प्रश्न लेखी विचारा: इथे आनमेल्डुंग करता येईल का? सुट्टीसाठीच्या भाड्याच्या बऱ्याच जागा नाही म्हणतात, आणि मग महिनाभर राहूनही कागदोपत्री तुम्ही कुठेच राहत नसता.

काही महाभाग पैसे घेऊन नुसता पत्ता देतात, राहायचं दुसरीकडे. त्या वाटेला जाऊ नका. खोटा पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे आणि तुमची नोंदणीही खोटी ठरते.

मोठ्या शहरात अपॉइंटमेंट दोन आठवड्यांनंतरची मिळते. बुकिंगचा ईमेल जपून ठेवा. वेळेत बुक केलेलं दिसलं तर सहसा दंडाचा प्रश्न येत नाही. तुमच्यासाठी महत्त्वाचं: नवऱ्याची नोंदणी झाली म्हणून तुमची होत नाही. तुम्ही दोघी आलात की तुमची नावं घातलेला नवा कागद मालकाकडून घ्यायचा, सोबत लग्नाचा आणि मुलीच्या जन्माचा दाखला. लग्नाचा दाखला म्हणजे रजिस्ट्रारचा. तो नसेल किंवा अधिकाऱ्याला पटला नाही, तर वैवाहिक स्थिती नीट नोंदली जात नाही आणि नवऱ्याचा टॅक्स क्लास (पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा गट) अविवाहितासारखा एक नंबरचाच राहतो.

फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं तर आयकराच्या ८ टक्के चर्च टॅक्स पगारातून कापला जातो (तुमचं राज्य बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बायर्न इथे ८, इतर राज्यांत ९). बाकीच्यांनी "काही नाही" यावर खूण करायची.

आता पत्रपेटी. हसू नका, नव्या लोकांची निम्मी डोकेदुखी इथे असते. इमारतीत बहुधा फ्लॅट नंबर नसतोच. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो, जुळलं नाही तर पत्र परत जातं. टॅक्स नंबर पत्राने येतो, बँकेचं कार्ड एका पत्राने आणि त्याचा पिन दुसऱ्या, विम्याचं कार्ड पत्राने. तुमच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर दोन्ही आडनावं हवीत. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टात "गिव्हन नेम"मध्ये असेल, तर ते इथल्या प्रत्येक कागदावर येणार हे गृहीत धरा आणि सगळीकडे तसंच्या तसं लिहा. एकीकडे तीन शब्द आणि दुसरीकडे दोन असले की दोन वेगळ्या व्यक्ती समजून फाइल अडते.

टॅक्स नंबर (११ आकडी) नोंदणीनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत येतो. तोवर पगाराची तारीख आली तर कंपनी क्लास सहा लावू शकते आणि हातात धक्कादायकरीत्या कमी पैसे येतात. नंबर दिल्यावर पुढच्या पगारांत ते जुळवलं जातं, पण पहिल्या दोन महिन्यांचा खर्च निघेल एवढी शिल्लक आणाच.

याच दरम्यान १८.३६ युरो महिना मागणारं रुंडफुंकबायट्रागचं (सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी) पत्र येईल. टीव्ही नसला तरी दर घरामागे हे द्यावं लागतं, फसवणूक नव्हे. कचऱ्यात टाकलं की आधी स्मरणपत्र, मग दंड, मग वसुली. घरात आधीच कोणी भरत असेल तर त्याचा ग्राहक क्रमांक कळवायचा.

आडवाट:

खटाटोप यांच्याशी सहमत. घराबद्दल भर घालते.

जाहिरातीत दोन भाडी असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं, वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई वगैरेचा आगाऊ अंदाज धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा दोन्हीत नसतं. अंदाजाचा हिशेब वर्षातून एकदा होतो. हीटिंग जास्त वापरलं असेल तर काही शे युरो भरायला सांगतात. हिशेबाचं वर्ष संपल्यावर बारा महिन्यांत तो पाठवला नाही, तर मालकाला सहसा वाढीव पैसे मागता येत नाहीत. तारीख बघून पैसे भरा.

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन काल्टमीटे. ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने आहे, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. चार महिन्यांचं मागणारा मालक एकतर अनभिज्ञ आहे किंवा तुम्हाला नवखं समजतो आहे.

"फर्निचरशिवाय" याचा अर्थ इथे फार कडक आहे. स्वयंपाकघरात नुसता नळाचा पाइप आणि शेगडीसाठी जाड वायरीचा डबा, छतातून लोंबणाऱ्या उघड्या वायरी, दिवे नाहीत, कधीकधी पडद्याचे रॉडही काढून नेलेले. किचन हवं असेल तर जाहिरातीत "आइनबाउक्युखं" शोधा. आधीचा भाडेकरू आपलं किचन विकत घ्यायला सांगतो, त्याला "आब्ल्योझं" म्हणतात. ते वाजवी असेल तर घ्या. नवीन बसवायला आठवडे लागतात. शेगडीची जोडणी मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच.

नव्या माणसाकडे शूफाचा (कर्ज आणि बिलं वेळेवर फेडल्याची नोंद) इतिहास नसतो आणि प्रत्येक मालक शूफा मागतो. त्याऐवजी एकाच पीडीएफमध्ये द्या: नोकरीचा करार, एचआरचं पगार आणि रुजू व्हायची तारीख नमूद केलेलं पत्र, पासपोर्ट-व्हिसा, आणि चार ओळींत जर्मनमध्ये कुटुंबाची ओळख. शेवटचं फालतू वाटतं, पण शंभर अर्जांत मालक तेच आधी वाचतो.

घर न बघता पैसे कधीही नाही. "मी परदेशी आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल" हे वाक्य दिसलं की संवाद संपवा. प्रतिष्ठित वेबसाइटचा लोगो लावलेली बनावट पेमेंट पानंही फिरतात.

करारात "क्युंडिगुंग्सफरत्सिख्त" किंवा "मिंडेस्टमीटडाउअर" हा शब्द शोधा. तो नसेल तर तुम्ही तीन महिन्यांच्या नोटिशीवर कधीही बाहेर पडू शकता (महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत नोटीस मालकाच्या हातात पडली तर तो महिना मोजला जातो). तो असेल तर एक-दोन वर्षं अडकलात. कायदा चार वर्षांपर्यंत मुभा देतो. प्रोबेशनमध्ये असताना असा करार करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि नोटीस ईमेलने चालत नाही. कागदावर, शाईची सही, करारावर जेवढ्या भाडेकरूंची नावं तेवढ्या सगळ्यांची.

घर ताब्यात घेताना प्रत्येक ओरखडा, मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या लिहून दोघांच्या सह्या. यातल्या किल्ल्या फार महत्त्वाच्या. इमारतीचं कुलूप एकाच संचाचं असेल, तर एक किल्ली हरवल्यावर अख्ख्या इमारतीची कुलुपं बदलायचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो, तो हजारो युरोंत जातो. म्हणून हाफ्टफ्लिख्त विमा (तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा) घ्या आणि त्यात भाड्याच्या घराच्या किल्ल्या धरल्या आहेत का ते तपासा. कुटुंबाचा विमा वर्षाला साधारण शंभर युरोच्या आत मिळतो. इथे एवढा उपयोगी आणि स्वस्त दुसरा विमा नाही.

हिवाळ्यात खिडकी दिवसभर किलकिली ठेवू नका. दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायच्या आणि बंद करायच्या. आपल्या स्वयंपाकाची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे आणि थंड भिंत, यातून कपाटामागे काळी बुरशी धरते, आणि घर सोडताना तिचं बिल डिपॉझिटमधून जातं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर पुढे ठेवा.

अवांतर: त्या भागात "केऱवोखे" आहे. आठवड्याची पाटी तुमच्या दाराला लागली की जिना आणि दारापुढचा भाग झाडायचा, बर्फ पडला तर तोही, हे तुमचं काम. शेजारी बाकी काही बोलणार नाहीत, याबद्दल नक्की बोलतील.

दीपमाळ:

दोघांचेही खूप आभार, यादी पूर्ण बदलली. विम्याचं कोणी सांगेल का? एजंट रोज फोन करतो आहे. त्याचं म्हणणं, सरकारी विम्यात सहाशे युरो जातील, खाजगीत तीनशेच्या आसपास.

ताळेबंद:

त्याने सांगितलेले आकडे खोटे नसतील. त्याने एका माणसाचा हप्ता सांगितला आहे, तुम्ही तीन जण आहात.

२०२६ साठी खाजगी विम्याची मुभा ७७,४०० युरोंच्या वर पगार असलेल्यांना आहे. तुमचा नवरा जेमतेम त्या रेषेपलीकडे आहे, म्हणून निवड आहे आणि म्हणूनच एजंट मागे लागला आहे. सरकारी पद्धतीत मूळ दर १४.६ टक्के, वर प्रत्येक कासेचा (सरकारी पद्धतीतली विमा संस्था) जादा दर, तो २०२६ मध्ये सरासरी २.९ टक्के. पण हा दर महिन्याला ५,८१२.५० युरोंपर्यंतच्याच पगारावर लागतो आणि अर्धा कंपनी भरते. त्यात शुश्रूषा विमा (फ्लेगे) मिळवून तुमच्या नवऱ्याचा वाटा सुमारे ६१३ युरो. एवढ्या पैशात तुमची मिळकत नसेपर्यंत तुम्ही आणि मुलगी विनाहप्ता आत. खाजगीत प्रत्येकाची वेगळी पॉलिसी, वेगळा हप्ता, वेगळी आरोग्य प्रश्नावली. जुना दमा, थायरॉइड, आधीचं सिझेरियन, सगळं विचारतात. लपवलं तर पुढे दावा नाकारायला तेच कारण पुरतं.

मागे घेता न येणारी सही म्हणालात ना, ती ही. खाजगीत गेल्यावर परत यायला सहसा पगार त्या वर्षाच्या रेषेखाली यावा लागतो, आणि वयाच्या पंचावन्ननंतर दार जवळजवळ बंदच होतं. तुमच्या बाबतीत रेषा जवळ आहे आणि ती बहुतेक दरवर्षी वर सरकते, त्यामुळे एखाद्या वर्षी आपोआप सरकारीत ढकलले जाल. तेव्हा खाजगीवाले आधीचे पैसे परत करत नाहीत.

दुसरी बाजू, जी एजंट सांगणार नाही: जर्मनीत पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या आणि रेषेच्या वर पगार असलेल्या माणसाला सरकारी विम्यात स्वेच्छेने शिरायला नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिने मिळतात. आधी खाजगी घेऊन "बघू वर्षभर" म्हणालात तर ही खिडकी बंद होते. माझा सल्ला, कुटुंब येणार असेल आणि आणखी मूल व्हायची शक्यता असेल तर सरकारी. एकटा, तिशीतला, निरोगी, एक लाखावर पगार आणि दहा वर्षांत परत जायचं नक्की असलेला माणूस वेगळा विचार करू शकतो.

स्वस्तातल्या "एक्स्पॅट" पॉलिसी हा तिसरा प्रकार. उतरल्यापासून नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंतचं अंतर भरायला त्या ठीक. रेसिडन्स कार्डाच्या वेळी त्या बऱ्याचदा अपुऱ्या ठरतात.

मुलीचा जन्मदाखला एचआरला पहिल्याच महिन्यात द्या, ती अजून भारतात असली तरी. नाहीतर निपुत्रिक समजून फ्लेगेमध्ये ०.६ टक्के जास्त कापतात, तुमच्या पगारावर महिन्याला सुमारे ३५ युरो.

कराचं थोडक्यात. तुम्ही जर्मनीत येऊन नोंदणी केलीत की दोघांना आपोआप क्लास चार-चार मिळतो. तुम्ही कमावत नसाल तर फिनान्सआम्टला (कर कार्यालय) अर्ज करून तीन-पाच करा (नवऱ्याला तीन, तुम्हाला पाच), महिन्याचा हातात येणारा पगार वाढतो. मात्र तीन-पाच घेतलं की वार्षिक विवरण भरणं सक्तीचं, पुढच्या वर्षाच्या ३१ जुलैपर्यंत. वर्षाच्या मध्यात आलात तर त्या वर्षी भारतात मिळालेला पगारही विवरणात दाखवायचा असतो. त्यावर इथे कर लागत नाही, पण इथल्या पगाराला लागणारा दर त्याने वर जातो. तो लपवून परतावा घेणारे पुढे अडचणीत येतात. कामासाठी घर बदलल्याचा खर्च वजा करता येतो, तेव्हा विमान तिकिटं आणि सामानाच्या पावत्या फेकू नका. आणि भारतातलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या, ते तसंच चालू ठेवणं फेमात (भारताचा परकीय चलन कायदा) बसत नाही.

कडुनिंब:

ताई, तुमच्या पदवीबद्दल. फिजिओथेरपी इथे परवान्याचा व्यवसाय आहे, मान्यतेशिवाय ते पदनामही लावता येत नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये अर्ज श्टुटगार्टच्या रेगीरुंग्सप्रेझिडियमकडे (राज्याचं विभागीय प्रशासन कार्यालय) जातो. तिथे तुमचा अभ्यासक्रम इथल्याशी विषयवार ताडून बघतात, आणि इथेच बहुतेकांचं अडतं: गुणपत्रिकेवर गुण असतात, तास नसतात. विद्यापीठाकडून सही-शिक्क्याचा तपशीलवार अभ्यासक्रम घ्या, ज्यात प्रत्येक विषयाचे थिअरीचे आणि प्रात्यक्षिकाचे तास वेगळे दिसतील. इंटर्नशिपचे तास विभागवार (ऑर्थो, न्यूरो, बाल, आयसीयू) लिहून घ्या. नोकरीच्या प्रमाणपत्रात नुसतं "समाधानकारक काम" नको. कुठले रुग्ण, कुठली तंत्रं, आठवड्याचे किती तास, कुठून कुठपर्यंत हे हवं, कारण अभ्यासातली तूट अनुभवाने भरून निघू शकते. भारतात बसून हे दोन चकरांत होतं, तिकडे गेल्यावर विद्यापीठाचा बाबू फोनही उचलत नाही.

हे इंग्रजीत मिळवा. भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच चालतं आणि इंग्रजीवरून जर्मन करणारे मुबलक आहेत, मराठीवरून करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपल्याकडचे जन्म-विवाह दाखले बहुधा द्विभाषी असतात, त्यांची चिंता नाही. पोलीस दाखला आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट मात्र आत्ताच काढून ठेवू नका, ती सहसा तीन महिन्यांहून जुनी चालत नाहीत आणि शेवटच्या टप्प्यावरच लागतात.

उत्तर बहुधा "अंशतः समान" असं येतं. घाबरू नका, हा नकार नव्हे. तूट भरायला दोन वाटा: ठरावीक काळाचा पूरक प्रशिक्षणक्रम किंवा ज्ञानपरीक्षा. प्रशिक्षण लांबतं, पण तिथे कामाची भाषा येते. परवान्यासाठी बी२ लागेल, तेव्हा ए२ वरून पुढचे वर्ग भारतातच सुरू ठेवा.

तुम्हाला ब्लू कार्डधारकाची पत्नी म्हणून पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करायची परवानगी असते. मान्यता येईपर्यंत क्लिनिकमध्ये मदतनीस किंवा रिसेप्शनचं काम मिळालं तर कमी समजू नका. "उपचाराचा कोर्स कधी संपतोय", "डॉक्टरची चिठ्ठी किती दिवस चालते" असली वाक्यं वर्गात शिकवत नाहीत.

मुलीबद्दल. वर्षाचं मूल झालं की किटाच्या (बालवाडी) जागेवर कायदेशीर हक्क आहे, जागा मात्र हक्काइतक्या नाहीत. बहुतेक जागा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मोकळ्या होतात, कारण मोठी मुलं शाळेत जातात. पत्ता मिळाल्या दिवशी नगरपालिकेच्या पोर्टलवर नाव घाला, आणि आसपासच्या चर्चच्या आणि पालकसंस्थांच्या किटांना वेगळं लिहा, सगळ्या त्या पोर्टलवर असतातच असं नाही. गोवराचं लसीकरण सक्तीचं आहे: दोन वर्षांवरच्या मुलाला दोन डोसांचा पुरावा नसेल तर किटा प्रवेश देऊ शकत नाही. आपल्याकडचं लसीचं कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे जा, नोंदी पिवळ्या इम्फपासमध्ये (लसीकरणाची पुस्तिका) उतरवून घ्या. कार्डावर तारखा अस्पष्ट असतील तर भारतातल्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर टाइप करून आणा.

आणि हे कोणी सांगत नाही: किटात मूल सोडून लगेच निघता येत नाही. "आइनगेव्योनुंग" असते. पहिले काही दिवस पालकाने तासभर आत बसायचं, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, असं दोन ते चार आठवडे, कधी जास्त. या काळात पालकांपैकी एकजण मोकळा हवा. किटा सुरू व्हायच्या तारखेलाच स्वतःची नोकरी सुरू करू नका.

किंडरगेल्ड (मुलीचा भत्ता) महिन्याला २५९ युरो (२०२६). मुलगी जर्मनीत राहायला आल्यापासून. अर्ज लांबला तर मागचे सहाच महिने मिळतात.

चक्रधर:

लायसन्सचं राहिलं. भारतीय लायसन्सवर जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिने गाडी चालवता येते (सोबत जर्मन भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परमिट). त्यानंतर नाही. सातव्या महिन्यात पकडलं तर तो विनापरवाना वाहन चालवण्याचा फौजदारी गुन्हा धरतात, आणि अपघात झाला असेल तर विम्याचीही कटकट होते.

भारत अदलाबदलीच्या यादीत नाही, म्हणून लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. मात्र नवशिक्यांना सक्तीचे असलेले तास आपल्याला सक्तीचे नाहीत, सरावाला लागतील तेवढे घ्यायचे. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा दिवसभराचा कोर्स (नऊ तासिका) लागतो. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, प्रत्यक्ष परीक्षेत सूचना जर्मनमध्ये. नापास व्हायची ठरलेली कारणं: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ न देणं, वळताना मान वळवून सायकलवाला न बघणं, आणि ३० च्या टापूत ३८ ने जाणं. अर्जापासून परीक्षेपर्यंत महिने जातात, म्हणून दुसऱ्याच महिन्यात अर्ज टाका.

दीपमाळ:

बाप रे. बरं, त्याच्या जर्मनबद्दल आणि प्रोबेशनबद्दल कोणीच बोललं नाही, की घाबरवायचं नाही म्हणून सोडलं?

खटाटोप:

सोडलं नव्हतं, येणारच होतो.

प्रोबेशनमध्ये दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांची नोटीस पुरते, कारणही द्यावं लागत नाही. बेकारी भत्त्यासाठी मागच्या तीस महिन्यांत बारा महिन्यांची वर्गणी लागते, भारतातली नोकरी त्यात धरत नाहीत. म्हणजे पहिल्या वर्षी नोकरी गेली तर भत्ता शून्य. निदान तीन महिन्यांचा घरखर्च हात न लावता बाजूला हवा, हा आकडा मी डिपॉझिटव्यतिरिक्त धरतो आहे.

नोकरी मुदतीआधी सुटली तर दोन आठवड्यांत आउसलेंडरबेहोर्डेला (परदेशी नागरिकांचं कार्यालय) स्वतःहून कळवायचं असतं. व्हिसा त्या दिवशी आपोआप मरत नाही. न कळवणं जास्त महागात पडतं. कंपनी बदलायची झाली तर पहिल्या बारा महिन्यांत तेही कळवायचं. नोकरीवरून काढल्याची नोटीस तोंडी किंवा ईमेलने वैध नसते, कागदावर सही लागते. पण समोर "परस्पर संमतीने" असं लिहिलेला कागद ठेवला (आउफहेबुंग्सफरत्राग) तर त्याच टेबलावर सही करू नका, घरी आणा. पुढे कधी भत्त्याचा हक्क असेल तेव्हा त्या सहीमुळे बारा आठवड्यांपर्यंत भत्ता रोखला जाऊ शकतो. कागदी नोटिशीला आव्हान द्यायचं असेल तर कामगार न्यायालयात तीन आठवड्यांची मुदत असते, त्यानंतर काही चालत नाही.

रेसिडन्स कार्डाची अपॉइंटमेंट पत्ता नोंदवला त्याच दिवशी मागा. भारतातून फोटो काढून आणू नका; मे २०२५ पासून या कार्डालाही डिजिटल फोटो लागतो, तो कार्यालयात किंवा मान्यताप्राप्त स्टुडिओत काढतात. व्हिसा संपायच्या आत अर्ज गेला पाहिजे, अपॉइंटमेंट नंतरची असली तरी. अर्ज पाठवल्याची तारीख दाखवणारा पुरावा ठेवा. मध्ये भारतात यायचं झालं तर फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा (कार्ड येईपर्यंतचा तात्पुरता) कागद मागा, आणि त्यावर कलम ८१ च्या चौथ्या परिच्छेदाची खूण आहे का ते बघूनच तिकीट काढा. तिसऱ्या परिच्छेदाची खूण असेल तर देशाबाहेर गेल्यावर त्या कागदावर परत आत येता येत नाही.

नवऱ्याच्या जर्मनचं: ब्लू कार्डवर ए१ असेल तर कायम वास्तव्य २७ महिन्यांनी, बी१ असेल तर २१ महिन्यांनी. ऑफिस इंग्रजीत चालतं, पण घरमालक, किटाची बाई, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट आणि ही सगळी पत्रं जर्मनमध्येच असतात. तुम्ही घरात एकट्याच जर्मन बोलणाऱ्या असाल तर ही सगळी कामं तुमच्या गळ्यात पडतील, आणि तुमचं बी२ मागे राहील. त्याला आठवड्यातून दोन संध्याकाळचा फोल्क्सहोखशुलेचा (प्रौढांसाठीची सार्वजनिक शिक्षणसंस्था) वर्ग पहिल्याच सत्रात लावायला सांगा.

दीपमाळ:

हे शेवटचं वाक्य स्क्रीनशॉट काढून त्याला पाठवलं आहे. एजंटला "नको" कळवलं. एक शेवटचं: तात्पुरतं घर सोडून दुसऱ्या घरात गेल्यावर पत्ता पुन्हा नोंदवायचा का?

खटाटोप:

हो, दर वेळी, पुन्हा दोन आठवड्यांत, नव्या मालकाच्या कागदासह. देशातल्या देशात हलताना जुन्या ठिकाणचं वेगळं रद्द करावं लागत नाही, नवीन नोंदलं की ते आपोआप होतं. टॅक्स नंबर तोच राहतो. बँक, विमा, कंपनी आणि रुंडफुंकला मात्र तुम्हीच कळवायचं. पोस्टाची पत्रं वळवण्याची सशुल्क सेवा सहा महिन्यांसाठी घेऊन ठेवा, आणि जुन्या पेटीवरची पट्टी ती सुरू झाल्यावरच काढा.